कापलेला कर

बाइंडिंगचा कारखाना बुडाला तो बुडालाच, त्यावर रडून झालं होतं. पुठ्ठे कापायचं मशीनसुद्धा परवा देणेकऱ्यांनी उचलून नेलं. आता तिला एवढंच हवं होतं: दिवाळखोरीच्या अर्जात सरकारचा थकलेला कर निघून जावा आणि पाटी कोरी व्हावी. म्हणून धाकट्या भावाला घेऊन ती वकीलबाईंसमोर बसली होती.

वकीलबाईंनी कागदांचे दोन ढीग केले. "हा तुमच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर. जुना आहे, विवरणपत्रंही तुम्ही वेळेवर भरलीत. हा माफ होईल."

"सुटलो बुवा एकदाचे!" भाऊ म्हणाला.

"थांबा हो. हा दुसरा. कामगारांच्या पगारातून कर कापलात, पण पुढे भरलाच नाहीत. हा दिवाळखोरीतही सुटत नाही."

त्या वर्षी कागदवाला उधारीसाठी रोज दारात येऊन बसायचा, म्हणून तिनं ते पैसे त्याच्या हातावर ठेवले होते. पुढच्या महिन्यात भरू म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

भावानं खुर्ची जवळ ओढली. "ताई, कर कापलाच नव्हता असं लिहून दे. पगार पूर्ण दिला म्हणायचं. मग कर भरायचं ते बघून घेतील."

"ते म्हणजे कोण रे? खळ लावणाऱ्या मावशी? बावीस वर्षं राबली ती बाई माझ्याकडे, आणि तिच्या दारात मी वसुलीवाले पाठवू? शुद्धीवर आहेस ना?"

"मग भरणार कुठून?"

"हात शाबूत आहेत अजून. मशीन नेलं, माझी पुस्तकांची शिवण नाही नेली कुणी." लाजेनं तिचे कान तापले होते, पण आवाज हलला नाही. "वकीलबाई, हे माझं कर्ज नव्हतंच. कामगारांचे पैसे होते, मी खर्चून बसले. हप्ते बांधून द्या."

कर्जं माफ झाली, हप्ते तेवढे उरले. ती आणि मावशी, दोघीही पलीकडच्या गल्लीतल्या बाइंडरकडे कामाला लागल्या. पहिल्या पगाराला तिनं पाकीट उघडून पगाराची चिठ्ठी वाचली आणि मालकाच्या टेबलापाशीच उभी राहिली.

"मालक, कापलेला कर भरल्याची पावती दाखवा."

"अहो, कालपर्यंत तुम्हीच मालकीण होतात," तो वैतागून म्हणाला. "हे कसं चालतं, तुम्हाला माहीत नाही होय?"

"माहीत आहे, म्हणूनच विचारतेय. माझी दाखवा, आणि मागे मावशी उभ्या आहेत, त्यांचीही दाखवा."