वजनकाट्यावरचं वांगं

कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग वजनकाट्यापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत गेली होती, आणि ट्रॅक्टर सोडून सगळं गाव काट्याच्या खोलीच्या दाराखिडक्यांना लटकलं होतं. आत टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल कापड. त्या कापडाखाली मुंडकं घालून यंत्रानंद महाराज उभे. त्यांच्या उजव्या हातात भरिताचं वांगं, चांगलं पोसलेलं, हिरवं, लांब देठाचं.

“रॅमाय नमः! रोमाय नमः! हार्डडिस्काय स्वाहा!” कापडाखालून आवाज आला. वांगं कॉम्प्युटरवरून गोल फिरलं, खाली गेलं, वर आलं. “सगळ्यांनी डोळे मिटा! यंत्र लाजतं!”

सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. मी गुरांचा डॉक्टर. इतकी वर्षं म्हशींच्या शेपट्या उचलतोय, पण लाजणारा रोगी अजून भेटलेला नाही.

थोड्या वेळाने महाराजांनी कापड ओढून काढलं. पडद्यावर वजनाचे हिरवे आकडे झळकत होते. एकच गलका झाला. कुणी महाराजांच्या पाया पडलं, कुणी टेबलाच्या पाया पडलं. तोताराम आबांनी तर प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं, आणि पहिली पावती बरीचशी पिवळी निघाली.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. आमचं गाव नरडाण्याच्या जवळ. गावच्या शेतकऱ्यांची एक कंपनी आहे आणि तिचा हा वजनकाटा. काट्याचा कॉम्प्युटर चालवायची मेघा. ती धुळ्याहून कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. झालेली, भिकुबाईंची सून. हंगाम सुरू व्हायच्या आधी तिने त्या कॉम्प्युटरची सिस्टिम अपग्रेड केली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची माळ, आणि शेवटी ‘कर्नेल पॅनिक’.

कंपनीचे अध्यक्ष रुपचंद नाना. त्यांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं आणि गावाला अर्थ सांगितला, “पॅनिक म्हणजे घबराट. यंत्र घाबरलंय.”

“कोनले घाबरनं?” गर्दीतून प्रश्न आला.

सगळ्यांनी मेघाकडे पाहिलं. कालपर्यंत नीट चालणारं यंत्र हिने हात लावल्यावर घाबरलं, एवढा हिशेब गावाला पुरला. मेघा सांगू लागली, तर नाना म्हणाले, “तू आता आणखी काही करू नको.” मग कुणाच्या तरी मेहुण्याने धुळ्याकडचे हे यंत्रानंद महाराज आणले. त्यांनी कॉम्प्युटरची नाडी पाहिली (हो, माऊसची वायर बोटांत धरून) आणि निदान केलं की बाईने अमावास्येला अपग्रेड केल्यामुळे यंत्रात बाधा शिरली आहे. उपाय म्हणजे वांग्याचा उतारा, आणि बाईने उंबरा ओलांडायचा नाही.

उतारा एकदा करून भागत नव्हतं. आमच्याकडे वीज दिवसातून हवी तेव्हा जाते, आणि काट्याच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता. वीज गेली की यंत्र बंद, आली की पुन्हा घबराट, पुन्हा महाराज, पुन्हा वांगं. त्यामुळे महाराजांचा मुक्काम नानांच्या ओसरीवर पडला. उतरवलेलं वांगं बाधा जाळण्यासाठी भाजावं लागे, आणि भाजलेली बाधा महाराज कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर स्वतः गिळत. गावासाठी एवढा त्याग कोण करतं!

एके दिवशी सकाळी मेघा माझ्या दवाखान्यात शेळी घेऊन आली. मी शेळीचं तोंड उघडलं, पोट दाबलं, कान पाहिले.

“हिला काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

“माहीत आहे, डॉक्टरभाऊ. शेळीशिवाय मला घराबाहेर सोडत नाहीत, म्हणून आणली.” तिने शेळीचं दावं बोटाला गुंडाळलं. “शनिवारी कंपनीची बैठक आहे. नाना माझ्या जागी त्यांच्या पुतण्याला, भूषणला, बसवणार आहेत. सासूबाई म्हणतात, तुझा हात वाईट, घरीच बस. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, की शिकले ते वापरीन. ही खुर्ची गेली तर मला पुन्हा मिळणार नाही.”

मला महाराजांचा आधी राग येत होताच, आता तो डोक्यात गेला. “त्या यंत्राला नेमकं झालंय काय? मला कळेल असं सांग. मी गुरांचा डॉक्टर आहे.”

“कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात आधी कर्नेल जागा होतो. घरात पहिला उठणारा माणूस समजा. तो उठून दार उघडतो आणि बाकीच्यांना उठवतो. दार उघडायला त्याच्याजवळ किल्ल्यांचा जुडगा असतो. मी अपग्रेड केलं तेव्हा नवा कर्नेल आला. पण कर्नेल ठेवायची जागा आधीच्यांनीच भरून गेली होती, त्यामुळे नव्याचा जुडगा बसलाच नाही. नवा उठतो, दार उघडत नाही, आणि तिथेच हातपाय गाळतो. तेवढंच ते पॅनिक. जागा आधी तपासायला हवी होती, ती माझी चूक. पण बाधा नाही.”

“आणि जुना कर्नेल?”

“आतच आहे की, जुडग्यासकट! सुरू होताना पडद्यावर नावं येतात. खालचा बाण दाबत जुन्यावर जायचं आणि एंटर दाबायचं, की सगळं पहिल्यासारखं.” ती थांबली. “भाऊ, ते वांगं फिरवताना मध्येच खाली का नेतात? ते टेकतं कुठे?”

मी जागेवरून उठलोच. शेळी बिचारी दचकली.

त्या दुपारी वीज गेली, आली, आणि मी खोलीत अगदी महाराजांच्या कोपराला लागून उभा राहिलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे वांग्यावर. महाराजांनी डाव्या हाताने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, वांगं तीनदा गोल फिरलं, मग देठ खाली करून कीबोर्डच्या उजव्या बाजूला उतरलं. टक. टक. टकटक. टक. बाण, एंटर, बाण, बाण, एंटर! महाराज कापडाखाली तोंड घालून पडद्यावरची नावं वाचत होते आणि वर मंत्र म्हणत होते. असा संतापलो की ते वांगं हिसकावून त्यांच्याच डोक्यावरून उतरवावं असं वाटलं. पण मी एकटा ओरडलो असतो तर गावाने मलाच बाधा झाली म्हटलं असतं, आणि भाजायला आणखी एक वांगं आणलं असतं.

म्हणून मी भिकुबाईंकडे गेलो.

“अक्का, एक विचारू? उतारा रोज होतो, भरीत रोज होतं. खातात एकटे महाराज. ज्या यंत्राला बाधा आहे, त्याला नैवेद्य कुणी दाखवला का?”

भिकुबाईंनी गालावर हात मारून घेतला. “वं माय! मशीन बिचारं उपाशी शे!”

“त्याच्या तोंडासमोरच ठेवा,” मी म्हणालो. “आणि सांडू नये म्हणून खाली एखादी परात पालथी घाला.”

दुसऱ्या दिवशी वीज येऊन गेल्याबरोबर, म्हणजे जाऊन आल्याबरोबर, महाराज मिशीला लागलेलं भरीत पुसत काट्यावर हजर झाले. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. तेवढ्यात भिकुबाई गर्दी सारत आत आल्या, कीबोर्डवर पितळी परात पालथी घातली आणि तिच्यावर भरीत, भाकरी, कांद्याची पात असं ताट मांडलं.

“माई, हे इथे नको,” महाराज गडबडले. “ते तिकडे, खिडकीत ठेवा.”

“खिडकीले भूक लागनी का?” भिकुबाई म्हणाल्या. “ज्याले बाधा शे, त्याच्या तोंडपान ठेवसू. तुम्ही करा तुमनं काम.”

महाराजांनी कापड टाकलं, यंत्र बंद करून सुरू केलं, मुंडकं आत घातलं, मंत्र सुरू केला. वांगं फिरलं आणि देठ खाली आला.

ठण्ण!

निम्म्या गावाने एकेक डोळा उघडला.

“रॅमाय नमः...” ठण्ण! महाराजांनी डाव्या हाताने परातीची कड हळूच उचलायला घेतली, तोच भिकुबाईंची चापट त्यांच्या मनगटावर बसली. “नैवेद्यले हात लावाना नही! मशीन जेवस तवलग थांबा!”

“माई, यंत्र जेवत नसतं!”

“मंग तेले बाधा कशी व्हस?”

हा प्रश्न मी पढवलेला नव्हता, अक्कांचाच होता. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी घाम पुसत पुन्हा मंत्र म्हटला, वांगं इतकं जोरात फिरवलं की देठ तुटून नानांच्या टोपीवर पडला. कापड ओढलं, तर पडद्यावर तीच पांढरी अक्षरांची माळ आणि तेच पॅनिक.

“ती बाई इथेच कुठेतरी आहे!” महाराज ओरडले. “तिची सावली पडली!”

होतीच ती, दारात, शेळीचं दावं धरून. “येऊ द्या तिला आत,” मी म्हणालो. “यंत्र बंदच आहे. आणखी किती बंद पडेल?”

नाना बाजूला सरकले. मेघा आत आली. तिने पहिल्यांदा कापडाची घडी करून माझ्या हातात दिली आणि पडदा सगळ्या गावाकडे वळवला. मग सासूकडे पाहून विचारलं, “आई, यंत्राचं जेवण झालं का?”

भिकुबाईंनी ताट निरखलं. “व्हयनं,” त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि परात उचलली.

मेघाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर नावं आली. “आई, हे खाली तोंड केलेलं बटण दाबा.” भिकुबाईंनी बोट टेकवलं. पडद्यावरची पांढरी पट्टी एक ओळ खाली सरकली. “आता हे मोठं बटण. पुन्हा खाली. आणखी एकदा. आता परत मोठं.”

हिरवे आकडे आले. भिकुबाई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. मंत्र नव्हता, कापड नव्हतं, सगळ्यांचे डोळे उघडे होते.

“अक्कांच्या बोटात देवी आहे!” कुणीतरी म्हणालंच. आमचं गाव एवढ्या लवकर हार मानत नाही.

“मग आबा, तुम्ही करा,” मेघा म्हणाली आणि यंत्र पुन्हा बंद केलं. तोताराम आबांना बोटाने दाबायची भीती वाटत होती, म्हणून त्यांनी पायातली चप्पल काढून तिच्या टोकाने दाबलं. चालू झालं. मी गुरांच्या थर्मामीटरने दाबलं. चालू झालं. ते थर्मामीटर कुठे लावतात हे आठवून नानांनी तोंड फिरवलं.

“म्हणजे त्या वांग्यात काहीच नव्हतं?” नानांनी विचारलं.

“होत्या ना,” मेघा म्हणाली. “बिया.”

गाव हसलं. पण मेघा हसली नाही. ती खुर्चीवर बसली, आत पडून राहिलेले जुने कर्नेल काढून जागा मोकळी केली, नव्यासाठी किल्ल्यांचा जुडगा पुन्हा बनवायला लावला, आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ आम्हाला समजावून सांगितली. चहा यायच्या आत काम संपलं. मग तिने कॉम्प्युटर बंद केला, चालू केला आणि म्हणाली, “आता कुणीच काही लावू नका.” सगळ्यांनी हात मागे बांधले. अक्षरांची माळ सरसर वर गेली, पॅनिक आलं नाही, आकडे आपोआप उमटले.

एव्हाना महाराज भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, “हे कुठे शिकलात?”

“धुळ्यात कॉम्प्युटरच्या दुकानात होतो, साहेब. नाव जितेंद्र.” त्यांनी भगव्या उपरण्याने तोंड पुसलं. “दुकानात लोकांना हेच नीट समजावून सांगायचो, तर म्हणायचे, दोन बटणंच तर दाबलीस. इथे वांगं फिरवलं तर पाया पडले. मग मी तरी काय करू?”

“आणि या पोरीवर खापर फोडलंत ते?” मी जवळजवळ ओरडलोच. त्यावर मात्र त्यांनी मान खाली घातली. नरडाण्याच्या रिक्षात बसवून त्यांना लावून दिलं, वांग्याशिवाय.

नाना घसा खाकरून म्हणाले, “मेघाचं काय ते शनिवारच्या बैठकीत बघू.”

“बैठकमा काय देखशात?” भिकुबाई कडाडल्या. “बठ्ठा गावना डोळासमोर व्हयनं ना! मन्ही सून याच खुर्चीवर बससे!” मग त्यांचा आवाज उतरला. त्या मेघाकडे वळल्या. “पोरी, तुन्हा हात वाईट म्हननू मी. मन्ही चूक शे.”

मेघाने डोळे पुसले आणि पहिला ट्रॅक्टर काट्यावर घ्यायला सांगितलं.

वाचकहो, तुमच्याही गावात काहीतरी बंद पडेल. यंत्र असेल, विहीर असेल, म्हशीचं दूध असेल. कुणीतरी येऊन म्हणेल, डोळे मिटा. तेव्हा डोळे उघडे ठेवा आणि कापड उचलायला सांगा. ज्याला खरंच येतं तो दाखवून करतो, आणि पुन्हा आपली गरज पडू नये असं करून जातो. आमच्या गावाने यंत्राचं दुखणं महाराजांना विचारलं आणि एका वांग्याला विचारलं, पण जी ते यंत्र रोज चालवत होती तिला कुणी विचारलं नाही. ज्या बाईवर आळ येतो, तिचं म्हणणं आधी ऐकून घ्या.