म्हसधोंड्याखालची घरं

मी म्हसधोंडा. शेंदूरजनाघाटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी सालईखेड नावाचं गाव आहे. त्या गावाच्या टेकडीवर मी बसलेलो आहे. खालून पाहिलं तर म्हैस रवंथ करत बसल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. दगडानं कधी घाईत बोलू नये. पण मला आज घाई आहे, आणि का आहे ते ऐकल्यावर तुम्हाला कळेल.

माझा जन्म कुणी पाहिला नाही. वरच्या कड्यातून कधीतरी सुटलो, घरंगळत आलो आणि इथं अडकलो. अडकलो तो झाडांमुळे. धावडा, साजड, सालई, मोह. बाळंतिणीचं पोट फडक्यानं आवळून बांधावं तशी त्यांच्या मुळांनी माझ्याखालची माती बांधून ठेवली होती. त्या मातीच्या जिवावर मी ऊन खात बसून असे. गुराखी माझ्या सावलीत भाकरी सोडत, गुरं अंग घासून जात.

देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत एका ठेकेदारानं टेकडीवरच्या झाडांचा लिलाव घेतला. कोळशाच्या भट्ट्या लागल्या. आख्खं रान पोत्यांत भरून बैलगाड्यांनी खाली गेलं. त्या पावसाळ्यात काही झालं नाही. पुढच्याही नाही. म्हणून कुणाला काही वाटलंही नाही. तोडलेल्या झाडाची मुळं लगेच मरत नाहीत. काही वर्षं ती जमिनीत तशीच धरून बसतात, मग कुजू लागतात. ते कुजणं मला पोटाखाली कळत होतं. वरून सगळं शांत होतं.

त्याच शांत वर्षांत पुंजाजी माझ्या पायथ्याशी राहायला आला.

पुंजाजी आणि त्याच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर त्यांनी गावची मेलेली गुरं ओढणं सोडलं. गावानं त्यांचं काम बंद केलं, विहिरीची वाट बंद केली. तेव्हा पुंजाजीनं टेकडीच्या बुडाशी, कुणीही ज्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं अशा पडीत जागेवर मातीच्या भिंती घातल्या. त्याच्यामागून देवमन आला, आणखी काही घरं आली. भिंत उभी राहिली त्या दिवशी पुंजाजी तिला पाठ लावून बसला होता. म्हणाला, "केशर, ही जागा आपल्याले कोनं देल्ली नाई. आपुन घेतली."

केशरबाई त्याची बायको. बारीक अंगाची, कमी बोलणारी. सरपणाला वर यायची तेव्हा माझ्याशी टेकून दम खायची. एकदा तिला माझ्या पाठीमागं, डोंगराच्या बाजूला, गवत उसवल्यासारखं दिसलं. तिनं विळ्याचं टोक त्या फटीत घालून पाहिलं. पुढच्या साली विळा मुठीपर्यंत आत गेला. त्या दिवशी ती मोळी न बांधताच उतरली.

संध्याकाळी खालचं बोलणं वाऱ्याबरोबर वर आलं.

"तो धोंडा हालून राह्यला," केशरबाई म्हणाली.

"धोंडा कसा हालन?" पुंजाजी म्हणाला. "तुले काईतरी दिसते."

"मले दिसते तेच सांगतो."

"मंग काय करू? गावात जाऊन पुन्यांदा पाया पडू? मी हे घर सोडून जात नाई."

तिला त्याचं घर कळत होतं, आणि मीही कळत होतो.

वरूडच्या बाजारात संत्र्याला भाव आला तसा गावचा सूर्यभान पाटील संत्र्याच्या बागा वाढवू लागला. बागेपर्यंत ट्रक यायला रस्ता हवा, रस्त्याला मुरूम हवा. मुरूम माझ्याच पायाखाली होता. पाटलानं खणायला माणसं लावली, आणि खणायला आली ती खालच्याच घरांतली माणसं. दुसरं काम त्यांना कोण देत होतं? पुंजाजीची कुदळ रोज माझ्या बुडाशी वाजायची. प्रत्येक घावाचा हादरा माझ्या अंगातून वर जायचा. खाली पाहिलं की मला दिसायचं त्याचं डोकं, त्याचं मुंडासं, आणि त्याच्या मागं त्याच्या छपराचे कवेलू. सगळं एका रेषेत.

केशरबाई एकदा पाटलाला वाटेत आडवी आली. "पाटील, तिथून मुरूम काढू नका. दुसरीकडून काढा."

सूर्यभान काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "माह्या आज्यानं तो धोंडा असाच पाह्यला. आता काहून उठन तो?"

श्रावणात झड लागली. पाणी पाठीमागच्या भेगेत उतरत राहिलं आणि एका दुपारी माझा खांदा तुटला. मी तो टाकला नाही, तो सुटला. उड्या घेत खाली गेला, मुरमाची खदान ओलांडली, देवमनच्या गोठ्यातून आरपार निघाला आणि पुंजाजीच्या भिंतीला लागून थांबला. गोठ्यात शेळी होती. तिचा आवाजसुद्धा आला नाही.

सगळं गाव पाहायला लोटलं. सूर्यभान पाटीलही आला. त्यानं त्या तुकड्यावर पाय ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जे पडाचं होतं ते पडलं. आता भेव नाई." लोकांना ते पटलं. माणसाला असं काही ऐकायला मिळालं की तो ते घरी घेऊन जातो आणि निवांत जेवतो.

पुंजाजी मात्र जेवला नसावा. पाऊस उघडल्यावर तो एकटाच वर आला. माझ्याभोवती फिरला. मग पाठीमागच्या भेगेशी पालथा झोपला आणि हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा दगडाला लागला तरी बोटांना तळ लागला नाही. हात काढला तेव्हा मुठीत धावड्याचं मूळ होतं. त्यानं ते दाबलं, तर त्याचा भुगा झाला. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. माझ्याकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

खाली गेला आणि घरावर चढून कवेलू उतरवू लागला.

केशरबाई दारात आली. "काय करून राह्यले?"

"घर उतरवतो."

"कुठं जाचं?"

"नाल्यापलीकडं गायरान हाये. सपाट हाये." मग थोड्या वेळानं, कवेलू तिच्या हातात देता देता, तो हळूच म्हणाला, "तू म्हनत होती ते खरं हाये."

ती कवेलू रचत राहिली.

सगळी घरं गायरानावर गेली. पाटील धावत आला. "हे गायरान गावाचं हाये. इथं बसता येत नाई."

"मंग आमी कोन्या गावाचे, पाटील?" केशरबाईनं विचारलं.

त्याला ते लागलं असावं, कारण तो तसाच परतला. पुढं पुष्कळ कटकटी झाल्या, गुरं घरांत घातली गेली, कुडं मोडली गेली, पण ती माणसं उठली नाहीत. मला वाटलं, आता झालं. आता मला सुटायला हरकत नाही. माझ्याखाली नुसत्या रिकाम्या भिंती आहेत.

पण रिकामी भिंत फार दिवस रिकामी राहत नाही. संत्र्याच्या तोडणीला आणि खड्डे खणायला मेळघाटातून माणसं आली. पाटलानं त्यांना त्याच भिंती दाखवल्या. जागा कुणाचीच नव्हती, म्हणून ती त्याची झाली होती. त्यांनी वर पाल्याचं छप्पर टाकलं, लेकरं झोळीत टांगली. खदानीत कुदळी पुन्हा वाजू लागल्या.

केशरबाईला कळलं तशी ती तडक आली. पहिल्याच दारात जयवंता नावाची बाई धान पाखडत होती. केशरबाईनं तिला माझ्याकडे बोट करून सगळं सांगितलं: भेग, शेळी, पुंजाजीचा हात.

जयवंतानं सूप खाली ठेवलं. तिची वऱ्हाडी तुटक होती. "ठावं हाये, बाई. आमच्या तिकडं रान तोडलं. मागच्या साली टेकडी खाली आली. माही सासू अन् एक पोरगी तिच्याखाली राह्यली."

केशरबाई म्हणाली, "अन् तरी तू इथंच बसली?"

"सपाट जागेवर आमाले कोन बसू देते?"

केशरबाई गायरानावर परतली आणि त्या माणसांनाही इथं आणू म्हणाली. तिथं काय झालं ते मला तिच्या चालीवरून आणि नंतरच्या बोलण्यावरून कळलं. देवमन अडून बसला होता. "आपल्यालेच कसंबसं राहू देल्लं," तो म्हणाला. "आता यायले घेतलं त आपल्यालेबी उठवतीन." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी पुंजाजी उठला. त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि म्हणाला, "ह्या हाताले तळ लागला नाई. मी तिथं लेकरं झोपू देत नाई." मग तो बैलगाडी जुंपायला गेला.

गाडी आली, दिवसाढवळ्या. जयवंतानं बोचकं बांधलं, झोळी सोडली, मागं न बघता चढली. आणखी एक घर निघालं. बाकीच्यांना पाटलाच्या माणसानं बजावलं होतं, गायरानावर जाईल त्याला बागेत काम नाही. ते दारांत उभे राहून गाडीकडे पाहत राहिले. केशरबाई प्रत्येकाच्या दाराशी थांबली, हात जोडले. "उद्या पुन्हा येतो," ती म्हणाली.

आता उत्तरेकडून, मध्य प्रदेशाच्या डोंगरांवरून आभाळ भरून येतं आहे. मला एका साजडाचं मूळ तेवढं धरून आहे, आणि तेही आतून मऊ पडलं आहे. केशरबाई येते, रोज एक दार रिकामं करून जाते. तिची वाट मला दिसते आणि ढगही दिसतात, आणि दोघांतलं आधी कोण येईल ते मला ठाऊक नाही.

मी कुणाचा वैरी नाही. गावकऱ्यांनो, झाडं होती तोवर मी तुमच्या गुरांना सावली दिली. पण एकदा निघालो की मला थांबता येत नाही, तेवढी शक्ती देवानं दगडाला दिलेली नाही. मला बांधायला, टेकू द्यायला कुणी वर येऊ नका. त्याची वेळ गेली. फक्त खाली जा आणि त्या माणसांना सपाटीवर थोडी जागा द्या.