पालथा हंडा

१८५४ साली केंटकीत पाऊसच झाला नाही. ओहायो नदीत जेमतेम छातीएवढं पाणी उरलं; तिच्या पलीकडच्या काठावर गुलामगिरी नव्हती. त्याच उन्हाळ्यात मालकाने मला दक्षिणेत विकायचं ठरवलं. मी दहा वर्षांची होते.

आम्ही गुलाम खोपटात चोरून प्रार्थना करायचो. तेव्हा आई दाराशी लोखंडी हंडा पालथा घालायची. तो आवाज गिळतो, अशी आमची श्रद्धा होती.

तोच हंडा डोक्यावर घेऊन आई भरदुपारी निघाली. मागे धुण्याची गाठोडी घेऊन मी आणि केझाया मावशी.

"कुठे गं निघाली स्वारी?" मुकादमाने हटकलं.

"विहीर आटली, साहेब. मालकीणबाईंच्या चादरी नदीवर धुते. तुम्ही नको म्हणालात, असं सांगू का त्यांना?"

त्याने हातानेच 'जा' म्हणून खुणावलं.

नदीच्या मध्यावर मावशी थबकली. "बुडेन गं मी."

आई म्हणाली, "इतकी वर्षं हळू आवाजात हाका मारल्या. देवाला ऐकू गेल्या की नाही, ते आज बघू. चल."

पलीकडच्या काठावर आईने हंडा सरळ ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने देवाचं गाणं म्हटलं. ते ऐकून तिथले आमचे स्वतंत्र काळे लोक गाडी घेऊन धावत आले. पळालेल्या गुलामांना तिथूनही पकडून नेत, म्हणून त्यांनीच आम्हाला कॅनडाच्या वाटेला लावलं.

मावशीने तिथे लग्न केलं, पाच मुलं वाढवली. मुकादमाची नोकरी गेली, असं ऐकलं. आई म्हातारी होऊन, गात गात गेली. हंडा माझ्या दाराशी सरळ उभा असतो. त्यात पावसाचं पाणी साठतं.