कायमची तरतूद

देशाची मिळकत वाढली म्हणून परदेशी संस्थेने लसींचे पैसे देणं थांबवलं. निरोपाच्या बैठकीत लसीकरणाच्या संचालिकाबाईंना पुष्पगुच्छ देऊन संस्थेच्या लोकांनी वर अभिनंदनही केलं. पुष्पगुच्छ तिथेच टेबलावर ठेवून बाई तडक अर्थखात्यात गेल्या.

तिथला उपसचिव त्यांचा धाकटा दीर. घरी तो वहिनी म्हणायचा, ऑफिसात मॅडम. लसींसाठी अर्थसंकल्पात दरवर्षीची कायमची तरतूद हवी, हे त्याला सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता.

"मॅडम, सध्या गोवराचे रुग्ण किती?" त्याने विचारलं.

"एकही नाही. लस आहे म्हणून नाही."

"ते मला कळतं. पण वरती काय सांगू? पूल बांधला की फीत कापता येते. न झालेल्या आजाराची फीत कशी कापायची?"

तो टिंगल करत नव्हता. त्याने पाठवलेले दोन्ही प्रस्ताव वरून परत आले होते. साथ आली तर आपत्कालीन निधी मिळतो, एवढं त्याने आवाज खाली आणून सांगितलं.

उन्हाळा संपेपर्यंत साठा आटला. केंद्रांवरच्या नर्सबाई आयांना 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून परत पाठवू लागल्या. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. मग एका दुपारी जिल्ह्यातून फोन आला. खाणीजवळच्या वस्तीत मुलांना ताप, अंगभर पुरळ, गोवरच आहे. बाईंना आधी हायसं वाटलं. आता पैसे सुटतील. दुसऱ्याच क्षणी स्वतःची अशी किळस आली, की पुढचं बोलणं त्यांना पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

पैसे खरंच सुटले. मंत्री कॅमेरे घेऊन वस्तीत आले, लसी आल्या, साथ आवरली. मुलं बरी झाली. एका मुलीला मात्र डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. तिची आई बाईंना म्हणाली, "किती खेपा घातल्या मी केंद्रावर."

तरतुदीचा प्रस्ताव तिसऱ्यांदाही परत आला. शेरा होता, 'प्रश्न सुटलेला आहे.'

रविवारी जेवताना सासूबाईंनी धाकट्याला विचारलं, वहिनी गप्प का? बाईच बोलल्या, "भाऊजी, उद्या माझ्याबरोबर मंत्र्यांकडे चला."

"काही उपयोग व्हायचा नाही, वहिनी."

"नसू दे. रुग्ण किती, हे त्यांना माझ्या तोंडावर विचारू दे."

दोघं गेले. मंत्र्यांनी चहा पाजला, साथ आटोक्यात आणल्याबद्दल बाईंचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. गाडीत बसल्यावर दिराने स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. हॉर्न वाजला, आणि फाटकावरचा शिपाई सलाम ठोकून लगबगीने बाजूला झाला.