टाकीतली हरभऱ्याची डाळ

डाळच होती. हरभऱ्याची. तळहातावर उताणी पडलेली, पेट्रोलनं धुऊन निघालेली, एका कडेला फुटलेली... विश्वजीतनं ती नखानं दाबून पाहिली, दबत नाही म्हटल्यावर नाकाशी नेली — जणू पेट्रोलच्या टाकीतून निघालेल्या वस्तूला पेट्रोलशिवाय दुसरा कसला वास येणार होता. शेजारी फडक्यावर जुना पंप पडला होता, आणि पंपाच्या तोंडाशी असते ती जाळीची पिशवी, चहाच्या गाळणीएवढी, तिला बाहेरून तपकिरी लगदा थापलेला. हा गंज नव्हे. गंजावर त्याचा आता चांगला अभ्यास झाला होता. फिनलंडमधला एक दाढीवाला माणूस टाक्या साफ करायचे व्हिडिओ टाकतो, ते त्यानं आठवडाभर जेवताना पाहिले होते. गंज खरखरतो, गंज चुंबकाला चिकटतो. म्हणून त्यानं चुंबक आणून डाळीला लावलं. डाळ जागची हलली नाही. फिनलंडच्या माणसाकडे यावर व्हिडिओ असण्याची शक्यता कमीच होती.

वर्षभर गाडी आचके देत होती. इंजिनाच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपर्यंत शहाण्यासारखी जायची आणि ऐन टर्बोचा जोर यायच्या वेळी उचकी लागल्यासारखी अडखळायची. एक्स्प्रेसवेवर मागून येणाऱ्या डिझेल जीपवाल्यानं काच खाली करून ‘दादा, पेट्रोल संपलं का?’ असं विचारलं होतं, ते त्याला अजून अंघोळ करताना आठवायचं. कात्रजच्या रतन मेकॅनिकनं प्लग बदलले, कॉइल बदलल्या, शेवटी म्हणाला, साहेब, हिला पेट्रोल पुरत नाही, मोठा पंप टाका. मोठा पंप आला. ओ-रिंगसाठी, म्हणजे पंपाच्या तोंडावरच्या रबरी कडीसाठी, विश्वजीत बुधवार पेठेत गेला, तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘आहे. पण माप माहीत नसेल तर उगाच डबे काढायला लावू नका.’ माप माहीत होतं. मिलिमीटरमध्ये होतं. त्याला या गाडीचं सगळं माहीत होतं... असं तो आज सकाळी साडेदहापर्यंत समजत होता.

रजा टाकून, बॅटरीची वायर सोडवून, उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढून, मागची सीट उचलून तो खाली वाकला होता. गाडी गोठ्यात होती. म्हणजे त्याची बायको वैष्णवी त्याला पार्किंग म्हणायची, त्यावर पत्रे नवे होते, खाली टाइल्स होत्या. पण भिंतीतल्या दोन लोखंडी कड्या आबांनी काढू दिल्या नव्हत्या, आणि रिव्हर्स घेताना त्यांतली एक दरवेळी मागच्या बंपरला लागेल की काय असं वाटायचं. त्या कड्यांना हौशा आणि सरदार बांधलेले असत. रान गेलं त्या साली बैलही गेले. आज विश्वजीत ज्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून ईमेल लिहितो, तिच्या तळघराच्या जागी घरची ज्वारी उभी असायची. बैल टेम्पोत चढवताना आबा काही बोलले नाहीत. दिवाळीला ही गाडी आली तेव्हा मात्र बोलले. भोवती एक फेरी मारली, मागच्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हितं माणसं बसवायची का शेळ्या?’ चार वर्षं झाली. आबा या गाडीत एकदाही बसले नाहीत. दवाखान्यात जायचं तरी रिक्षा. गाडीबद्दल बोलणं निघालं की ‘ते डबडं’ म्हणून उठून जात. विश्वजीतला ते लागायचं, फार लागायचं. बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप असताना, बापानं आपल्या गाडीला एकदा तरी बरी म्हणावं असं वाटणं हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्यानं हातमोजा चढवून पुन्हा टाकीत हात घातला. तळाच्या खोबणीत बोटांना काहीतरी लागलं... मऊ नाही, कडकही नाही. बाहेर काढलं तर लगद्याची गोळी, तिच्यात आणखी डाळ, तांदळाचे चार दाणे, आणि लोकरीचा एक धागा. पेट्रोलनंही त्याचा हिरवा रंग पुरता गेला नव्हता. एवढ्यात स्वयंपाकघरातून पुरण आटत आल्याचा वास आला, आणि नाकातल्या पेट्रोलवर तो येऊन बसला, आणि विश्वजीतचा हात टाकीच्या तोंडावर तसाच राहिला.

आज पोळा.

भादव्यातली अमावास्या, इकडचा बैलपोळा तेव्हाच. दरवर्षी या दिवशी आपण कुठे असतो? चौथ्या मजल्यावर. आणि आबा कुठे असतात?... सकाळी चहा देताना वैष्णवी हसत म्हणाली होती, ‘आबांनी तीनदा विचारलं, विश्वा आज कुठं बाहेर जाणार हाय का म्हणून.’ आणि स्वतः आबा, ते नऊपासून अंगणात उगाच फेऱ्या मारत होते, तंबाखू मळत होते, गोठ्याच्या तोंडाशी येऊन परत जात होते. त्याला वाटलं होतं, नव्या पंपाला नावं ठेवायला येतायत.

हिरवा धागा त्यानं बोटावर गुंडाळला. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधायचे, हिरवे न् तांबडे, आणि मग आबा पाटावर बसल्यासारखे हौशापुढं बसायचे आणि पोळीचे तुकडे करून एकेक घास... त्या दिवशी घरातलं कुणी बैलांच्या आधी जेवत नसे. मी सात वर्षांचा, भुकेनं रडतोय, आणि आबा म्हणतायत, थांब रं, त्याचं होऊ दे. चार पोळे झाले. म्हणजे चार वेळा आबांनी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, ड्रायव्हरचं दार उघडलं, सीटखालची ती बारीक दांडी ओढली — ती दांडी वैष्णवीलासुद्धा अजून सापडत नाही! — झाकण फिरवलं, तोंडाशी गोंडा टेकवला, अक्षता टाकल्या आणि ‘त्या डबड्या’ला घास भरवला.

त्याला हसू आलं. मोठ्यानं आलं, आणि मग मधेच कुठेतरी त्याचा आवाज चिरकला म्हणून त्यानं खोकल्याचं सोंग केलं. रतनला काय सांगायचं? साहेब, तुमच्या गाडीला अपचन झालं होतं? आणि हा नवा पंप, तासाला अडीचशे लिटर ओढणारा, तो तर पुरण दुप्पट जोरानं ओढणार.

सांगायला हवं. साधी गोष्ट आहे... आबा, यात खायचं घालू नका, पंप जळतो. आबा ऐकतील. ऐकतील, ‘बरं’ म्हणतील, आणि त्यांचा चेहरा टेम्पोच्या दिवशी झाला होता तसा होईल, आणि पुढच्या पोळ्याला त्यांना भरवायला काही उरणार नाही. न सांगावं तर पुन्हा उचक्या, पुन्हा जीपवाला. जाळी महाग नाही, पण सीट, टाकी, रजा... दरवर्षी? त्यानं टाकी फडक्यानं तीनदा पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसली, नवा पंप बसवला, ओ-रिंग दाबली, आणि विचार होता तिथंच राहिला.

चार वाजता गाडी सुरू झाली. आवाज ऐकून आबा आलेच. हातात ताट, त्यावर रुमाल. ताट त्यांनी पाठीमागे धरलं होतं आणि ते दोन्ही बाजूंनी दिसत होतं.

‘झालं व्हय रं?’

‘झालं, आबा.’

‘काय निघालं?’

विश्वजीतनं खिशात हात घातला. धागा खिशात होता. ‘गंज होता थोडा.’

‘गंज?’ आबा दुखावल्यासारखे म्हणाले. ‘त्याला गंज कसा धरंल? दर साली त्येला...’ आणि ते थांबले, पत्र्याकडे पाहू लागले.

‘काय दर साली?’

‘काय न्हाई. हात धू जा. किती घाण झाल्यात.’

‘आबा, गाडीचं तोंड पुढं असतं,’ तो म्हणाला. एवढंच सुचलं. ‘दिव्यांच्या मधे. तिथं जाळी आहे बघा.’

आबांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि कीव केल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. ‘जिथनं पितंय ते तोंड,’ ते म्हणाले. ‘एवढं शिकलास.’

विश्वजीतनं गाडी बंद केली आणि उतरता उतरता हात सीटखाली गेला, दांडी ओढली गेली; सवयीनं, असं तो स्वतःला नंतर सांगू शकला असता. मागे टाकीच्या झाकणावरची पत्र्याची झडप खट्कन उघडली. तो अंगणातल्या नळाशी गेला आणि गोठ्याकडे पाठ करून हात धुऊ लागला. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. मागून झाकण फिरवल्याचा आवाज यायची तो वाट पाहत होता, आणि तो यावा की येऊ नये हे त्याला कळत नव्हतं. कळत होतं ते इतकंच की पोटात भूक लागली आहे, लहानपणी लागायची तशीच, आणि थांबायला आज काही वाटत नाही... फक्त घास बारीक असू द्या आबा, बारीक, असं तो मनातल्या मनात म्हणत राहिला.