एडिथच्या माथ्यावरचा प्लग

ब्रॅकनशॉमध्ये सिरिल टॅटरसॉलच्या शब्दाला किंमत होती, कारण तो शब्द फार कमी खर्च करायचा. गावातले हौशी लोक घरच्या शेडमध्ये गुडघ्याएवढी वाफेची इंजिनं बनवत आणि रविवारी पार्कातल्या क्लबच्या रुळांवर चालवत. त्यांचे बॉयलर तपासायचं काम एकतीस वर्षं सिरिलकडे होतं. त्यानं 'पास' म्हटलं की इंजिन रुळावर, 'नापास' म्हटलं की घरी. एकतीस वर्षांत नापास झाले चौदा. त्यांतले तेरा जण कुरकुरत दुरुस्ती करून परत आले. चौदावा नॉर्मन केर्शॉ. तो परत आला नाही.

त्याआधी दोघं जिवाभावाचे मित्र होते. नंतरची एकोणीस वर्षं चार गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांशी बोलले नाहीत. सिरिलची बायको गेली तेव्हा नॉर्मन प्रार्थनेला आला, चॅपलच्या दाराशीच उभा राहिला आणि चहा-सँडविचच्या आधी निघून गेला. गेल्या नोव्हेंबरात नॉर्मन गेला. सिरिलही त्याच दाराशी उभा राहिला आणि चहाच्या आधी निघाला. ज्याचं त्याला परत. सिरिलचा व्यवहार चोख असे.

फेब्रुवारीत एका सकाळी नॉर्मनची बायको एव्हरिल शेजाऱ्याला आणि त्याच्या व्हॅनला घेऊन सिरिलच्या दारात उभी राहिली. मागे जुन्या चादरीत काहीतरी जड गुंडाळलेलं होतं.

"उचला दोघं मिळून," ती म्हणाली. "मला डॉक्टरनं मनाई केलीय."

"काय आहे?"

"सासूबाई."

चादर बाजूला झाली. आत नॉर्मनचं हिरवं इंजिन होतं. हिरवं असायचं, एवढंच आता म्हणता येत होतं. चाकं गंजून तपकिरी झाली होती, धुराड्याला कोळिष्टकं होती आणि पाण्याच्या टाकीत उंदरानं संसार थाटून सोडून दिला होता. बाजूची पितळी पाटी मात्र वाचता येत होती: एडिथ.

"अकरा वर्षं बनवत होता," एव्हरिल म्हणाली. "अकरा वर्षं शेडमध्ये चहा मी नेला. बोट कापलं की पट्टी मी बांधली. आणि नाव कोणाचं दिलं? आईचं. त्या बाईनं शेडमध्ये एकदा पाऊल टाकलं नाही."

"एव्हरिल, हे मी कसं..."

"तू नापास केलीस, तूच बरी कर. मेच्या शेवटच्या रविवारी क्लबचा वाढदिवस असतो ना? मला ही एकदा पळताना बघायचीय. एकदाच. नंतर विकून टाकीन, नाहीतर दाराला टेकण म्हणून लावीन."

असं म्हणून तिनं त्याच्या हातात तंबाखूचा एक जुना डबा दिला. आत तेलात भिजलेल्या फडक्यात एडिथचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता, जादा वाफ बाहेर सोडणारा. पितळ अजून लखलखत होतं.

सिरिलनं एडिथला शेडमधल्या बाकावर चढवलं आणि आठवडाभर तिच्याकडे नुसतं बघितलं. मग एकेक नट सोडवायला घेतला. रोज संध्याकाळी चाकांच्या सांध्यांत रॉकेल मुरवायचं आणि सकाळी फिरतात का बघायचं. तीन आठवडे फिरली नाहीत, चौथ्यात फिरली. दट्ट्यांचीही त्याला धास्ती होती, पण सिलिंडरचं झाकण काढलं तर आत घट्ट काळं तेल काठोकाठ भरलेलं. बॉयलरमध्येही पाण्याचा थेंब नव्हता. नॉर्मननं इंजिन टाकून दिलं होतं, पण टाकताना बॉयलर रिकामा करून, सिलिंडरला तेल पाजून, वर चादर घालून टाकलं होतं. भांडून माहेरी निघालेली बाई जशी जाताना दूध तापवून ठेवते, तसं.

एव्हरिल दर गुरुवारी चार वाजता यायची आणि मनुका भरलेले चार एकल्स केक आणायची. तो एक खायचा, ती एक खायची, उरलेले दोन परत घेऊन जायची. बाकावरच्या सुट्या भागांकडे बघून म्हणायची, "सासूबाईंना असं उघडं पाडलेलं बघून बरं वाटतं."

एप्रिलच्या सुरुवातीला बॉयलरची पाळी आली. सिरिलनं वरचा हिरवा पत्रा आणि त्याखालचं कुजलेलं लोकरीचं अस्तर सोलून काढलं. तांबं उघडं पडलं. माथ्यावर, जिथं सेफ्टी व्हॉल्व्ह बसतो तिथं, एक पितळी प्लग बसवलेला होता. तपासणीच्या वेळी व्हॉल्व्ह काढून भोक बुजवायला असा प्लग लावतात. त्याच्या डोक्यावरचा मळ पुसला तर खाली दोन अक्षरं ठोकलेली होती: सी. टी.

"चोर लेकाचा!" सिरिल मोठ्यानं म्हणाला. हा प्लग त्यानं तेव्हा वर्षभर शोधला होता.

प्लग तसाच ठेवून त्यानं पंप जोडला. रोग्याला औषध द्यायच्या आधी जसा आलाय तसा बघायचा, ही त्याची पद्धत. खाली वर्तमानपत्र पसरलं, बॉयलर पाण्यानं गच्च भरला आणि दांडा हळूहळू दाबत गेला. एडिथ नव्वद पौंडाच्या दाबासाठी बनवलेली, म्हणजे तपासणी दीडपट, एकशे पस्तीसला. काटा तिथं पोचला. सिरिलनं चष्मा पुसला आणि पुढच्या खालच्या सांध्याकडे नजर लावली. एकोणीस वर्षांपूर्वी पाणी तिथूनच आलं होतं.

सांधा कोरडा होता. मग वरून एक थेंब आला. प्लगच्या बुडाशी तो मोत्यासारखा फुगला आणि तांब्याच्या पाठीवरून घरंगळत बरोबर त्या सांध्यापाशी येऊन वर्तमानपत्रावर पडला. पाठोपाठ दुसरा आला. पत्रा असता तर वरचं काहीच दिसलं नसतं. खालून गळतंय, एवढंच दिसलं असतं.

सिरिलनं दाब सोडला, प्लग काढला आणि त्याखालचं तांब्याचं वॉशर नखानं उचललं. त्यावर दाबाचे दोन गोल वळ होते, एक एडिथचा आणि दुसरा कुठल्यातरी मोठ्या बॉयलरचा.

एक तपासणी, एक नवं वॉशर. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, ते पुन्हा नीट बसत नाही. हे वाक्य सिरिलनं क्लबमध्ये इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याच्या पाठीमागे लोक त्याची नक्कल करताना हेच वाक्य घ्यायचे.

तो दिवस त्याला आठवला. ऑक्टोबर होता, भुरभुर पाऊस होता, शेवटचा बॉयलर होता. वॉशरची डबी रिकामी झालेली, नवी डबी पार्काच्या दुसऱ्या टोकाला गाडीत. त्यानं जाकिटाच्या खिशातलं वापरलेलं एक लावलं. नॉर्मन म्हणत होता, "वरनं येतंय रे ते. तुझा प्लग बघ." सिरिलनं प्लगच्या डोक्यावरून बोट फिरवलं. कोरडं लागलं. मग तो म्हणाला होता, "प्लग माझा आहे." जणू तेच उत्तर होतं.

त्यानं नवं वॉशर लावलं आणि पुन्हा पंप केला. काटा एकशे पस्तीसवर जाऊन बसला तो अर्धा तास हलला नाही. दुसरं वर्तमानपत्र इतकं कोरडं राहिलं की सिरिल त्यातलं शब्दकोडं सोडवू शकला असता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

"सापडलं?" एव्हरिलनं आल्या आल्या विचारलं.

"हं."

"फार मोठं काम होतं?"

"तसं नाही."

"तू आपला कमीपणा घेणारच. बेकरीत सगळे म्हणत होते, मेलेला बॉयलर उठवावा तर सिरिलनंच." तिनं डबा पुढं केला. "घे. नॉर्मन असता तर त्यालाही कबूल करावं लागलं असतं."

सिरिलनं एक केक खाल्ला. तोंड रिकामं राहिलं तर बोलावं लागेल, म्हणून मग दुसराही खाल्ला. एव्हरिलनं डब्यात बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि झाकण लावलं.

त्या रात्रभर त्याच्या मनानं एकच सोपी वाट दाखवली. वॉशर भंगाराच्या डब्यात टाकायचं की संपलं. कोणाचं काही बिघडत नव्हतं, नॉर्मन तर राहिला नव्हता. उलट जो बॉयलर कधी बिघडलाच नव्हता, तो दुरुस्त केल्याचं श्रेय पदरात पडत होतं. अडचण एकच होती. असा फुकटचा फायदा त्यानं आयुष्यात कधी घेतला नव्हता आणि घ्यायचा कसा ते त्याला माहीत नव्हतं.

क्लबच्या नियमानं, ज्यानं बॉयलरला हात लावला त्यानंच पास करायचा नसतो. म्हणून शनिवारी दुसरा तपासनीस गॉर्डन आला. पन्नाशीचा, जाडजूड, सिरिलच्याच हाताखाली शिकलेला. एव्हरिलही आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स आणि केकचा डबा मांडीवर घेऊन बसली.

गॉर्डननं पंप मारला, चोहीकडून विजेरी फिरवली, घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी म्हणाला, "सुंदर. सासूबाई पास."

मग त्यानं क्लबची जुनी नोंदवही उघडली. "हे बघा, तुमचंच अक्षर. 'पुढच्या सांध्यातून गळती. नापास. सी. टी.' आता याखाली लिहायला लागेल, काय दुरुस्ती केली ते. चांदीच्या डागानं सांधा पुन्हा जोडला असेल ना?"

सिरिल वहीतल्या आपल्या अक्षराकडे बघत राहिला.

"अहो सिरिल, झोप लागली का? काय लिहू?"

सिरिलनं जाकिटाच्या खिशातून वॉशर काढून वहीवर ठेवलं. गॉर्डननं ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. दोन वळ बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कोणाचं हे?"

"माझं. त्या दिवशी मीच लावलेलं. सांधा कधीच गळला नव्हता. मी काही दुरुस्त केलेलं नाही, गॉर्डन. वॉशर बदललं फक्त."

गॉर्डननं आपलं घड्याळ बंद केलं.

"म्हणजे नॉर्मनचं खरं होतं," एव्हरिल म्हणाली.

"हो."

"परत बोल."

"नॉर्मनचं खरं होतं. तो म्हणाला होता प्लग बघ. मी बघितला नाही."

"त्या रात्री घरी येऊन तो मलाही हेच म्हणाला." एव्हरिलचा आवाज बारीक झाला होता. "मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, सिरिल चुकत नाही. तुझा बॉयलर नाही, तुझा ताठा गळतोय. मुकाट्यानं दुरुस्त कर. त्यावर तो काही बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही. मला वाटायचं, लाजेनं गप्प आहे. एकोणीस वर्षं, सिरिल! एका घरात राहून मी त्याला खोटा ठरवलं. तुझ्या शब्दावर."

सिरिलला काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द काटकसरीनं वापरायची सवय असलेल्या माणसाला ऐनवेळी मोठी रक्कम काढता येत नाही. "मला माफ कर," एवढंच तो म्हणाला, तेही बाकाकडे बघत.

ती उठली, केकचा डबा न उघडताच पर्सखाली धरला आणि निघून गेली.

गॉर्डननं पंप सोडवून बाजूला ठेवला. "बाकीच्या तेरा जणांचं काय हो?"

"त्यांची वॉशरं नवी होती."

गॉर्डननं वॉशर पुन्हा उजेडात धरलं.

"असावीत," सिरिल म्हणाला. मग त्यानं वही ओढून घेतली आणि जुन्या नोंदीखाली लिहिलं: 'वरील नोंद चुकीची. बॉयलर निर्दोष होता. गळती तपासनीसाच्या प्लगची. नॉर्मन केर्शॉ यांनी त्याच वेळी सांगितलं होतं.' खाली सही केली. पुढं वाढदिवसाच्या रविवारी क्लबात ही नोंद प्रत्येकानं वाचली आणि कोणीही एक शब्द काढला नाही, यावरून ती किती वाचली गेली ते सिरिलला कळलं.

त्यानंतर एव्हरिल आली नाही. पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचा गेला. सिरिलनं एडिथला रंग दिला. नॉर्मनचाच हिरवा, पत्र्याच्या आतल्या बाजूला राहिलेल्या टिकल्याशी ताडून बघून. दर गुरुवारी चार वाजता तो दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. असे सहा गुरुवार झाले.

मेच्या शेवटच्या रविवारी पार्कात एडिथ रुळावर उभी राहिली. भट्टी धगधगत होती, काटा ऐंशीच्या पुढं होता. मागं दोन इंजिनं खोळंबली होती.

"अहो, निघा की," गॉर्डन म्हणाला. "लोक शिव्या देतायत."

"थांब."

"ती यायची नाही आता."

"वाफ माझी आहे, कोळसा माझा आहे. तुझं काय जातंय?"

काटा नव्वदला पोचला, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसून उडाला आणि पांढऱ्या वाफेचा ढग वर गेला. तो विरला तेव्हा पलीकडे एव्हरिल उभी होती. रविवारचा कोट, डोक्यावर टोपी, काखेत डबा.

"केवढा हा आवाज! हुबेहूब सासूबाई," ती म्हणाली.

सिरिल उभा राहिला. ती त्याच्याकडे न बघता एडिथची पितळी पाटी हातमोज्यानं पुसू लागली.

"त्याच्या कबरीवर जाऊन आले. रोजच जातेय सध्या," ती म्हणाली. "सांगितलं त्याला सगळं. एकोणीस वर्षांचं एका दमात होत नाही."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? 'मी म्हटलं नव्हतं?' असंच म्हणाला असेल. त्याला मिळालेला विजय तो कधी वाया घालवायचा नाही." मग तिनं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. "एकच घे. मागं दोन खाल्लेस, तेव्हाच मला कळलं होतं, याच्या पोटात काहीतरी आहे म्हणून. वाट बघत होते, कधी बाहेर पडतं ते."

त्यानं एक घेतला. हात काळे होते, केकवर बोटं उठली.

"प्लग कुठाय?" तिनं विचारलं.

खिशातच होता. त्यानं काढून दिला. तिनं त्यावरची दोन अक्षरं वाचली, प्लग पर्समध्ये टाकला आणि पर्स कटकन बंद केली.

"हा नॉर्मनच्या फोटोपुढं राहील. तुला हवा असेल तर चहाला ये आणि बघून जा. न्यायचा नाही."

मग कोट सावरून ती एडिथच्या मागच्या छोट्या डब्यावर बसली. सिरिल तिच्यापुढं बसला, वाकून वाफ सोडायचा रेग्युलेटर हळूच उघडला. एडिथ एकदा घसरली, थरथरली आणि चालू लागली. वळणावर एव्हरिलनं तोल जाऊ नये म्हणून त्याच्या जाकिटाची पाठ मुठीत घट्ट धरली. वळण संपलं, सरळ रूळ आला, तरी तिनं मूठ सोडली नाही.

"थांबवू का? एकच फेरी म्हणाली होतीस," सिरिलनं मान न वळवता विचारलं.

"पाणी आहे ना बॉयलरमध्ये?"

"आहे."

"मग विचारतोस कशाला?"