पेस्टची खूण

बाजारात त्याला सगळे शंकासुर म्हणत. कम्प्युटर जोडून विकणारा हा माणूस सीलबंद खोकंसुद्धा दोनदा हलवून बघायचा, आणि गिऱ्हाइकाने घासाघीस न करता माल घेतला की याच्याच मनात पाल चुकचुकायची.

यंदा मात्र या शहाण्याने सगळं भांडवल जुन्या पिढीच्या प्रोसेसरांत ओतलं होतं. काचेचं कपाट खालपासून वरपर्यंत भरलेलं. नवी पिढी महाग येणार, वेग जेमतेम वाढणार, मग लोक झक मारत जुनीच घेणार, असा त्याचा होरा. तो चुकला तर दुकानाला कुलूप, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोलाही.

नवी पिढी यायला महिना उरला असताना सगळ्यांच्या फोनवर एक फोटो फिरू लागला. बोर्डावर बसवलेला नवा प्रोसेसर आणि खाली दोन ओळी: वेग दीडपट, किंमत जुन्याइतकीच. कुणी काढला, पत्ता नाही. बाजार हसला. असल्या अफवा दरवर्षी उठतात.

शंकासुराने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. प्रोसेसरवर पंखा बसवण्याआधी उष्णता ओढणारी पेस्ट लावतात. बाकी सगळे मधोमध एक टिंब देऊन मोकळे होतात. इथे एक तिरकी रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक टिंब. ही रीत शंकासुराची स्वतःची, आणि ती त्याने एकालाच शिकवली होती: बायकोच्या धाकट्या भावाला. हातात सदा चिमटा, म्हणून त्याचं नावच चिमटा पडलेलं. दुकान सोडून तो आता प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत, चाचणीच्या विभागात होता.

त्याच संध्याकाळी समोरचा ठोक व्यापारी आला. फोटोला घाबरला असशील तर सगळा माल खरेदीच्या भावाने उचलतो, म्हणाला.

झालं! शंकासुराला सगळं लख्ख दिसलं. मेहुण्याने खोटा फोटो सोडायचा, व्यापाऱ्याने माल गिळायचा आणि दोघांनी वाटून खायचं. माझ्याच हाताखाली शिकला आणि माझाच गळा कापायला निघाला! खुणेबद्दल बायकोला तो अवाक्षर बोलला नाही. शेवटी भाऊ तिचा.

तिला बिचारीला एवढंच कळत होतं की भाऊ त्याच कंपनीत आहे, तर त्याला विचारावं. तिने धोशाच लावला तेव्हा शंकासुराने फोन केला आणि ताकास तूर लागू न देता फोटोचा विषय काढला.

"भाऊजी, तुम्ही तो नीट बघितलात ना?" एवढंच बोलून चिमट्याने फोन ठेवला.

काय हा उद्दामपणा! शंकासुराने व्यापाऱ्याला सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवला.

महिन्याने कंपनीने भाव जाहीर केला. जुन्याइतकाच. वेग दीडपट. गिऱ्हाइकं नव्यासाठी रांगा लावू लागली, आणि काचेच्या कपाटाकडे कुणी ढुंकून बघेना. व्यापाऱ्याने इतरांकडून माल उचलून ठेवला होता, तोही डोक्याला हात लावून बसला. तुझा माल घेतला नाही तेवढाच वाचलो रे, असं तो शंकासुराला म्हणाला, आणि त्यात खोट नव्हती.

सुट्टीच्या दिवशी चिमटा बहिणीकडे आला. शंकासुराने मान वर न करताच विचारलं, "फोटो तुझा होता?"

"माझाच. आतलं बाहेर बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि फोनवर तर बोलायची सोयच नाही. दुसऱ्या कुणाला कळू नये आणि तुम्हाला कळावं, म्हणून पेस्ट तुमच्या रीतीने लावली, भाऊजी."

बायकोने हातातलं काम थांबवलं. "तुम्हाला ओळखू आली नाही का हो?"



"आली होती," शंकासुर म्हणाला. "पहिल्याच दिवशी."